बारा मोजेपर्यंत

मनकर्णा : मंग सरळ सांग ना, आजी तू कार्यक्रमाले येऊ नको म्हनून. चार दिवसांपासून पाहून राहिली मी. पानी दिलं तं नजर चुकवते, जेवाले बोलावलं तं भूक नाही म्हनते.

भूमिका : असं नाही ना, आजी. हॉलमध्ये एसी जादा असते. तुह्या गुडघ्याले त्रास होईन.

मनकर्णा : माह्या गुडघ्याची काळजी तुले आजच आली? अन् हे सकाळपासून तोंडात काय धरून बसली?

भूमिका : रीड. क्लॅरिनेटची पट्टी. ओली नाही ठेवली तं आवाज फाटते. प्लीज, घाबरवू नको.

मनकर्णा : मी घाबरवते?

भूमिका : गेल्या साली काय झालं, याद आहे ना?

मनकर्णा : टाळ्याच तं वाजवल्या. शिव्या तं नाही दिल्या.

भूमिका : बीच में वाजवल्या, आजी! अख्खा बँड थांबते. बारा मोजेपर्यंत कोनी काही वाजवत नाही, अन् मंग मी सुरू करते. एकटी. तू सातावरच उभी झाली, 'शाब्बास पोरी' म्हनून ओरडली. तुले पाहून सगळा हॉल टाळ्या वाजवाले लागला. माही गिनती गेली. माह्या जागेवर मी आलीच नाही.

मनकर्णा : चाळीस जनं एकदम चूप झाले तं संपलं असंच वाटन ना मानसाले.

भूमिका : आज पुन्हा तेच वाजवाचं आहे. तीच जागा. बँडच्या गीतांजली मॅडम म्हने, आज चुकली तं ते एकट्याचं वाजवनं दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्या सुजयले देईन. तो तयारच बसला आहे. घरून रेकॉर्डिंग करून पाठवते मॅडमले.

मनकर्णा : तो चष्मेवाला? ऐकलं त्याचं. नाक शिंकरल्यावानी वाजवते.

भूमिका : हसवू नको, रीड निसटते.

मनकर्णा : अन् असं बिनाठेक्याचं गानं निवडलं कोनं? दीड साल झालं, पोळ्या लाटता लाटता ऐकून राहिली. कवा सात, कवा पाच, मंग पुन्हा सात. सुपेल्याच्या गर्दीच्या चौकात रस्ता पार करावा तसं. पाय टाकला का मागं घ्या.

भूमिका : तुले सात-पाच समजलं?

मनकर्णा : चौथी शिकली मी, बहिरी नाही. पयले डोकं दुखे. आता ज्या दिवशी तू वाजवत नाही, त्या दिवशी पोळी वाकडी होते.

भूमिका : एवढं समजते, तं बारा मोजेपर्यंत चूप राहता नाही आलं?

मनकर्णा : नाही आलं.

भूमिका : कावून?

मनकर्णा : जाऊ दे. तुहा बाप खाली हॉर्न वाजवून राहिला. जा.

भूमिका : वाजवू दे. सांग तू.

मनकर्णा : तुहे आजोबा लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होते. क्वार्टरमध्ये कारखान्याची घरघर रात्रंदिवस ऐकू ये. लेकरं त्यातच झोपत. अन् एखाद्या टायमाले ते एकदम थांबली का आमी बाया हातातलं टाकून बाहेर, भट्टीवर काही झालं का म्हनून. शेजारची तारा तं कनकीनं भरलेल्या हातानंच उभी राहे. कोनी कोनाशी बोले नाही. बहुत करून काहीच झालेलं नसे, घरघर परत सुरू होऊन जाये. पन तेवढं चूप, पोरी... ते मले अजून सहन होत नाही. गेल्या साली बँड थांबला. तू तिथं एकटी, तोंडाशी ते लाकूड धरून. मले वाटलं, कोनी तरी आवाज करा रे.

भूमिका : हे सालभर सांगितलं नाही तू.

मनकर्णा : तू विचारलं कवा? तू तं आठ दिवस बोललीच नाही.

भूमिका : चल.

मनकर्णा : नाही येत मी. माह्या हातांचा मलेच भरोसा नाही.

भूमिका : ही घे, क्लॅरिनेटची पेटी. वाजवताना खालीच राहते ते. मांडीवर ठेव अन् दोन्ही हातांनी धरून बस. माह्यासंग मोज. बारा.

मनकर्णा : बारावर येशीन?

भूमिका : येईन.

मनकर्णा : पक्कं?

भूमिका : साडी बदल लवकर.

मनकर्णा : बदलूनच बसली आहे सकाळपासून. पाहशीन तवा दिसन ना तुले.

(त्याच संध्याकाळी. कार्यक्रम संपल्यावर, रंगमंचामागच्या खोलीत.)

भूमिका : आजी, मी तेरावर आली.

मनकर्णा : माहीत आहे.

भूमिका : श्वासच नाही उठला. मॅडमचा हात हवेत, अख्खा बँड माह्याकडे पाहून राहिला. वाटलं, गया सब.

मनकर्णा : माहे बारा झाले अन् तुहा आवाज नाही. त्यात बाजूचा कोनी साहेब टाळीसाठी हात वर करून राहिला.

भूमिका : मंग?

मनकर्णा : मंग काय, धरले त्याचे हात. दोन्ही.

भूमिका : कोनाचे?

मनकर्णा : मी ओळखते का? सफेद शर्ट, छातीवर फूल लावलेलं.

भूमिका : आजी! ते चीफ गेस्ट होते!

मनकर्णा : असतीन. तू सुरू केलं तवाच सोडले मी. मंग बिचारा शेवटपर्यंत माह्याकडे पाहे, आता वाजवू का म्हनून.

भूमिका : मॅडमनं पुढच्या कार्यक्रमाचे कागद दिले. एकटीनं वाजवाच्या जागेवर माहंच नाव आहे.

मनकर्णा : त्या शिंकऱ्याचं नाही ना?

भूमिका : नाही. आजी, एक सांग. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवून राहिले होते. तू तशीच बसून होती, पेटी धरून.

मनकर्णा : हो.

भूमिका : अजून धरूनच आहे. सोड ते. आता तं संपलं ना सगळं. आता वाजव एक टाळी, मी पाहते.

मनकर्णा : थांब जरा. माह्या कानात चालू आहे अजून.