पुलापर्यंत

रक्त तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण उभी होती.

"ताई, साखर उतरली असेल ना?"

"उतरेल. पण डॉक्टरांना हेही सांग, की चार महिने तू अंथरूण सोडलं नव्हतंस."

"त्याचा साखरेशी काय संबंध?"

"मन खचलं, म्हणून जेवण टाकून बिस्किटांवर दिवस काढलेस. साखर वाढेल नाहीतर काय?"

"आता मनाच्या गोळ्यांनी झोप लागते. शिवाय रोज सकाळी तू मला चालायला ओढून नेतेसच."

"काल माझे गुडघे धरले होते. बुडालं ना चालणं?"

"नाही. एकटाच पुलापर्यंत जाऊन आलो."

"मग मला बोलला नाहीस ते?"

"बोललो असतो, तर तू यायची थांबली असतीस."