देवीचं नाणं

मंडळी, मला एक सांगा – देव हातात आला, तर मूठ मिटायची की उघडायची? मिटायची म्हणता? थांबा! आधी बसलिंगअप्पांचं ऐका.

अप्पांचं किराणा दुकान. माणूस देवभोळा, पहाटे उठून पूजा करणारा. मध्यंतरी सरकारनं पाच रुपयांचं खास नाणं काढलं – एका बाजूला देवी! अप्पांनी पाहिलं आणि हात जोडले. आता देवीला गल्ल्यात कोंबायचं? तिच्यावर मीठ-मिरची विकायची? छे! गल्ल्यात आलं तसं नाणं दुधानं धुवायचं, कुंकू लावायचं आणि देव्हाऱ्यातल्या तबकात ठेवायचं. तबक भरत गेलं, अप्पांचा ऊर भरत गेला.

आता गावाचं बघा. विहिरी आटलेल्या. प्यायला पाणी एकच – अप्पांच्या दुकानासमोरचं यंत्र. पाचाचं नाणं टाका, कळशी भरा. नोट चालत नाही! आणि गावातली निम्मी नाणी कुठं? देव्हाऱ्यात! हसू नका. अप्पांच्या स्वतःच्या घरातसुद्धा त्या दिवशी माठ कोरडा होता, पण देवीला हात लावायची कुणाची छाती?

भर दुपारी हौसाबाई आली. केरसुण्या विकणारी म्हातारी, घरी एकटी. दहाची नोट पुढं करून तिनं सुटे मागितले. अप्पांनी नाहीत म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "देव्हाऱ्यात हायेत की, अप्पा."

"देवीला मोडीत काढू होय, म्हातारे?" अप्पा म्हणाले आणि पंख्याखाली कलंडले.

म्हातारीनं कळशी उचलली. कुणीतरी सुटे घेऊन येईल म्हणून यंत्रापाशी उन्हात जाऊन बसली. थोड्या वेळानं कळशी गडगडल्याचा आवाज झाला. अप्पांनी पाहिलं – हौसाबाई आडवी! डोळे पांढरे, ओठ कोरडे ठाक!

अप्पा ताडकन उठले हो. माणूस वाईट नव्हता! माठाकडं धावले – माठ रिकामा. तसेच देव्हाऱ्यापाशी गेले, तबकात हात घातला. आणि मंडळी, पुढचं सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो. बाहेर बाई मरायला टेकलीय, आणि हा माणूस नाणी चाळतोय! हे नको, हे चकचकीत आहे. हेही नको, यावर देवीचा मुखडा छान उठलाय. अप्पा त्यातलं झिजलेलं शोधत होते!

दारात बायको उभी. गौराक्का. ती सगळं बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "त्या बाईच्या जिवाला झिजलेलं नाणं शोधताय?"

अप्पांचा हात तबकातच थिजला. गौराक्कानं तबक उचललं, पदरात उपडं केलं आणि धावत जाऊन हाताला लागलं ते नाणं यंत्रात टाकलं. पाणी आलं. म्हातारीच्या तोंडावर मारलं, घोट घोट पाजलं. हौसाबाई वाचली. पण अप्पा देव्हाऱ्यापुढं बसून राहिले, स्वतःच्या बोटांकडं बघत. आपल्याच बोटांची त्यांना भीती वाटत होती.

अप्पांना नावं ठेवताय? ठेवा! आता आरतीचं ताट तुमच्यापुढं येईल. तुम्ही खिशात हात घालाल, आत न बघता चाचपाल. मोठं कुठलं, लहान कुठलं, बोटांना बरोबर कळतं! ती कुठल्या नाण्यावर थांबतात, तेवढं आज बघा. मला सांगू नका. वाजवा टाळ, फिरवा ताट.