रिकामी डबी

कानाच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. त्यांना श्रवणयंत्र देणाऱ्या संस्थेतली मुलगी शेजारी येऊन बसली. आजोबा चहा आणायला गेले होते.

"आजी, यंत्रानं काय फरक पडला ते सांगा ना. आम्ही छापणार आहोत."

"कशाला?"

"लोकांना वाटतं, आपली देणगी जाते कुठे कोण जाणे. तुमचं वाचलं की विश्वास बसेल."

"फरक पडला की. हे बोलायचेच बंद झाले."

"आजोबा?"

"मला ऐकू येत नव्हतं तेव्हा रोज जेवणानंतर शेजारी बसून काहीबाही बोलायचे. ओठ हलताना दिसायचे. मला ऐकू यायला लागलं आणि हे गप्प."

"मग?"

"मग आता जेवण झालं की मी यंत्राची डबी उघडते आणि मिटते. यंत्र कानातच असतं, केसांखाली."

"आणि आजोबा बोलतात?"

"भरपूर. दुकान विकलं तेव्हा मला म्हणाले होते, सुटलो एकदाचा. परवा कळलं, अजून त्या गल्लीतून जात नाहीत."

"आजी, हे छापलं तर लोकांचा नक्की विश्वास बसेल."

"लोकांचा बसेल गं. यांचा उडेल."

"मग काय लिहू?"

"यंत्र चांगलं चालतं, असं लिही."

आजोबा चहा घेऊन आले.

"काय सांगितलंस हिला?"

"यंत्र चांगलं चालतं म्हणून."

"जेवणानंतर काढून ठेवतेस, तेही सांगायचं होतंस."

"सांगितलं की."