जाळी लावायची वेळ

भामाबाई : आता तरी तोंड उघड, उजे. इठ्ठलराव एवढं आरडून गेले आन तू खांबावानी हुबी! मेंढरं त्यांच्या हरभऱ्यात शिरली तवा तू हुतीस कुठं?

उज्ज्वला : तिथंच होते, आई. माळावर, हिवराच्या झाडाखाली.

भामाबाई : झोपली असशील.

उज्ज्वला : नाही.

भामाबाई : मंग मोबाइल.

उज्ज्वला : मोबाइल पिशवीत होता आणि पिशवी झाडाला.

बंकट : जाऊ दे गं. म्या बोललो की इठ्ठलरावाला. हरभरा निघाला की त्यांच्या वावरात दोन-चार राती मेंढरं बसवतो, फुकट. लेंडीखत मिळतंय म्हणल्यावर गडी गार झाला.

भामाबाई : गार झाला, पण जाता जाता काय बोलला ते ऐकलं न्हवं? म्हणं, बंकटचं मेंढरू आजवर कुणाच्या बांधाला लागलं न्हवतं. उभ्या जन्माची अब्रू एका दुपारी घालवली पोरीनं. तुमचा पाय मुरगळला आन ही वडगावच्या शाळंची मास्तरीण निघाली मेंढरं राखायला!

बंकट : म्याच धाडलं तिला. सुट्टीवर आलती, आन ल्हानपणी राखायचीच की. उजे, मला एकच सांग. तू हयगय करणारी न्हाईस. मंग कावून झालं असं?

उज्ज्वला : सांगते आप्पा, पण हसू नका.

बंकट : न्हाई हसत.

उज्ज्वला : दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी राहिली. वारा पडला. मी भाकरीचं फडकं सोडायला घेतलं आणि हात तसाच राहिला. पुढचं मला धड सांगता येत नाही. होतं ते सगळं तसंच होतं. कुसळं, मेंढरं, खाली तळ्याचं पाणी. पण वाटलं, हे सगळं कुणीतरी दिलेलं आहे. मलाच दिलंय असं नाही, मीसुद्धा त्यातच दिलेली आहे. रडू आलं, आई. दुःखाचं नव्हे. किती वेळ बसले कुणास ठाऊक. भानावर आले ती विठ्ठलरावांच्या शिव्यांनी.

भामाबाई : अगं बया! भर दुपारी, हिवराखाली! अवो, लागीर झालं पोरीला. थांबा, मीठ-मिरच्या आणते, दिष्ट काढते.

उज्ज्वला : मिरच्या राहू दे, कालवणाला लागतील.

बंकट : बस गं खाली. बोलू दे तिला.

भामाबाई : बसले. बोल बाई.

बंकट : मंग ते... काय म्हणायचं त्याला?

उज्ज्वला : तुम्ही काय म्हणाल?

बंकट : म्या न्हाई म्हणत. तुझ्या लग्नापास्नं तुझ्यापुढं त्याचं नाव काढायचं सोडलं म्या.

उज्ज्वला : माहीत आहे मला. भर मांडवात मी म्हणाले, देवाच्या टाकापुढं वाकणार नाही, त्यात कुणी नाही. त्या दिवशी तुम्ही दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही नुसते गप्प झालात. आता मी घरी असले की मेंढरं आत घेताना मला 'च्या ठेव' म्हणून धाडता आणि त्यांच्याभोवती वाघुरीची जाळी एकटेच लावता.

बंकट : तुला अवघड वाटू नये म्हणून, बाई.

उज्ज्वला : मी खिडकीतून बघते, आप्पा. शेवटची मेंढी आत गेली की तिच्या पावलाखालची माती कपाळाला लावता. तेवढ्यापुरती मला तुमच्या घरात जागा नाही असं वाटतं.

भामाबाई : जागा हिलाच नगं हुती, आन आता म्हणती...

बंकट : तू गप गं!

उज्ज्वला : आईचं खरं आहे. आणि माझं मत बदललंय असंही नाही. ऊन होतं, पोट उपाशी होतं, डोकं थकलं होतं. त्यानं असं होतं, मला कळतं. पण कळलं म्हणून ते उणं होत नाहीये. गळ्यापर्यंत भरून आलं, कुणाचे तरी आभार मानावेत, आणि समोर कुणी नाही. तुम्हाला तर हे रोजच होत असेल ना, माती लावताना? तुम्ही काय करता मग?

बंकट : मला?

उज्ज्वला : हो.

बंकट : मला न्हाई झालं कधी.

भामाबाई : आँ? मंग रोज काय करता तिथं?

बंकट : बाप लावायचा माती, म्हणून म्या लावतो. मेंढरं आली, दिस निभला, तेवढं देवाच्या कानावर घालतो. तो ऐकतो का, ठावं न्हाई. जन्म गेला त्या माळावर. त्याच हिवराखाली भाकर खाल्ली. भरून काय आलं न्हाई कधी.

उज्ज्वला : वाईट नाही वाटलं?

बंकट : वाटायचं की. वाटायचं, आपल्यातच काय कमी हाय. पर आज लई बरं वाटलं बघ. आपल्या घरात एकाला तरी झालं. तेबी माझ्या मेंढरांत बसून!

भामाबाई : आन हरभरा?

बंकट : हरभरा काय, पुढल्या साली येतोय.

उज्ज्वला : आप्पा, तुम्ही आत्ता 'देव' म्हणालात. माझ्यापुढं.

बंकट : म्हणालो का? बरं, म्हणालो.

(बाहेर मेंढरं ओरडू लागतात.)

बंकट : बघ, वाघुरीच्या दारातच खोळंबलीत बिचारी. आत घ्यावी आन जाळी लावावी.

उज्ज्वला : मी चहा ठेवते.

बंकट : च्या तुझी आई ठेवंल. तू चल.

उज्ज्वला : आप्पा, माझ्यानं हात जोडवणार नाहीत.

बंकट : नगं जोडू. पाय दुखतोय माझा. वाकायचं म्या, तू निस्तं मला धर.