डोळखांब लाइनचा गुप्तहेर

जन्म माझा शेणव्याचा, शाळा नववीपर्यंत, आणि पुढची सगळी विद्या हेरकथांची. शहापूरला एका रद्दीवाल्याकडं मिळायच्या, शेवटची पानं गळालेल्या, त्यामुळं कितीतरी हेर वाचले का मेले ते मला आजून ठावं नाय. शहापूर-डोळखांब जीप चालवतो, वीस वर्सं झाली. सिनेमातला हेर इमारतीवरून उड्या मारतो, ते आपलं काम नाय, माझे गुडघे दुखतात. पण पुस्तकातला हेर नुसता बसून असतो, चहा पितो, लोकांचं ऐकतो. आता जीप भरल्याशिवाय सुटत नाय, म्हंजे मी तरी दिवसभर काय करतो, तर हेच. बायको म्हणायची, लावा काळा गॉगल, म्हंजे खड्डे दिसायचे नायत.

एकदा एका बॅगवाल्याच्या मागं तीन पाडे हिंडलो, गवताच्या गंजीआड लपलो, तर तो शेळ्यांना टोचायला आलेला डॉक्टर. तिकडनंच म्हणाला, आता बाहेर या नि हिचे पाय धरा. धरले.

हसा, हसा. पुढं हसू येणार नाय.

दोन वर्सांमागं एक साहेब जीपला बसू लागला. पांढरा शर्ट, आवाज मऊ, दर वेळी माझ्या बाजूची पुढची सीट. माझं पुस्तक त्यानं चाळलं, म्हणाला, तुमची नजर बारीक आहे, आमच्या खात्याला अशीच माणसं लागतात. कुठलं खातं, मी विचारलं नाय. पुस्तकात कोण विचारतं? उलट मीच म्हटलं, साहेब, फोनवर नावं नको, खुणेचे शब्द ठेवू. तो म्हणाला, ठेवा. काय सांगू तुमाला, साधा माणूस पैशाला नाय, शाबासकीला फसतो, असं एका हेरकथेत लिवलेलं, त्या ओळीखाली मीच पेनानं रेघ मारलेली. वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल हाय.

मग सांगत गेलो. कुठली घरं दिवाळीनंतर कुलूप लावून वीटभट्टीला जातात, कोण जमीन विकायला नाय म्हणतो. आमची शेजारीण सुंदराकाकू, नवरा नाय, एक लेक शिकतेय, ती घराची चावी माझ्याकडं ठेवून भट्टीवर गेली. मी लगेच फोन लावला, चिमणी उडाली, पावसाळ्याशिवाय येत नाय, घरटं, म्हंजे तिचं खाचर, आजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, एक पुतण्या हाय कल्याणला. पुतण्याला खुणेचा शब्द सुचला नाय, म्हणून त्याचं नाव-पत्ता सरळच सांगितला.

काकू परत आली तर तिच्या भाताच्या खाचराला चारी बाजूंनी तार, कोपऱ्याला लाल रंगवलेले दगड, फाटकावर पाटी, आणि विक्रीच्या कागदावर पुतण्याची सही. चावी घ्यायला माझ्या दारात आली. म्हणाली, बाळाराम, तू रोज या रस्त्यानं जातोस रे, कोण आलतं? मी म्हटलं, नाय गो काकू, मी नाय बगितलं.

आता तहसीलला तिच्या तारखा चालू हायत. पुढची सीट मी तिच्यासाठी ठेवतो, भाडं घेत नाय, आणि उतरताना ती डोक्यावर हात ठेवते, सुखी रहा बाबा, तूच एक आमचा. साहेबाचा फोन आजून येतो. परवा म्हणाला, बाई साक्षीदार शोधतेय म्हणे, लक्ष असू द्या. मग त्याच मऊ आवाजात, तुमच्या दारातल्या आंब्याखाली चांगली सावली असते, तुमची मिसेस तिथंच तांदूळ निवडतात ना. मी त्याला घर कधी दाखवलं नव्हतं. म्हंजे माझ्यावर पण कोण तरी नजर ठेवून हाय. कोण, ते बगायला आता जीपच्या आरशात बगतो, तर सगळे माझ्याच ओळखीचे.

सोमवारी तारीख हाय. काकूला वाचता येत नाय, तिच्या लेकीला येतं. म्हणून मी सांगितलं ते सगळं तुमी तसंच लिवा, खाली बाळाराम असं खरं नाव घाला, आणि सोमवारच्या आत त्या पोरीच्या हातात द्या. पहिल्या फेरीला पुढची सीट रिकामी ठेवून थांबतो. काकू बसली तर बसली. नाय बसली तर देव तिचं भलं करो, मी तिच्या मागनं तहसीलला साक्षीला जातोच, या वेळी न लपता.