सापडला नाही म्हणजे किती?

...नाही, पण दोनशे बारा? एकदम दोनशे बारा? तुम्हाला सांगतो, तो कागद बघितला आणि मी लॅबच्या दारातच मटकन बसलो, पायपुसण्यावर! अहो, अंगात एचआयव्ही आहे याचं मला आता काही वाटत नाही, वर्षानुवर्षं नेमाने गोळी घेतोय, दर खेपेला रक्तात विषाणू किती ते मोजतात आणि दर खेपेला एकच उत्तर, 'सापडला नाही'. आणि सापडत नाही तोवर बायकोला माझ्यापासून धोका नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलेलं, त्या एका वाक्यावर आमचा संसार मजेत चाललेला... आणि आता एका मिलीलिटर रक्तात दोनशे बारा! माझंच काही चुकत असेल, पण आकडा म्हणजे आकडा ना हो?

घरी आलो, गुपचूप उशी-पांघरूण उचललं आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पथारी टाकली. बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी. "हे काय नवीन?" म्हटलं, "अगं, औषधाने हात टेकले बहुतेक." तर म्हणते, "औषधाने नाही, तुम्ही टेकलेत! आधी डॉक्टरांना तरी विचाराल?"

विचारलं ना! डॉक्टरीणबाई अगदी थंड. "सर, गोळी चुकली एखादी?" नाही. "ताप? एखादी लस?" नाही. "मग घाबरू नका. तेच रक्त त्याच यंत्रावर दोनदा मोजलं तरी दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. विषाणू थोडे असले तर जास्तच. पुन्हा तपासू."

तिपटीचा! मी खुर्चीतून उडालोच! अहो, शिंप्याने तुमची कंबर सकाळी तीस आणि संध्याकाळी नव्वद सांगितली, तर पुन्हा त्याला टेप लावू द्याल? आणि खरा धक्का पुढेच आहे... मी जन्मभर कॉलेजात शिकवलं काय? संख्याशास्त्र! मोजमापातली त्रुटी हा माझा लाडका धडा! "मुलांनो, कुठलंही माप नेमकं नसतं," असं किती तोऱ्यात सांगायचो... पण तेव्हा ती त्रुटी फळ्यावर होती हो, माझ्या शिरेत नव्हती! माझंच चुकत असेल, पण आकडा म्हणजे आकडा ना?

तर गेलो पुन्हा रक्त द्यायला. रक्त काढणारी मुलगी मला बघूनच म्हणाली, "काका, सुई टोचून झाली की या खेपेला तुम्ही बाहेर बसायचं." का बुवा? "अहो, मागच्या वेळी माझ्या डोक्याशी उभं राहून काय काय विचारत होतात! यंत्र किती वेगाने फिरतं, थंड पेटी कोण तपासतं, नळीचं झाकण कोण लावतं... त्या नादात नळी फिरवून झाल्यावर वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचंच राहिलं माझं! खालच्या रक्तपेशींसकट नळी गाडीवर गचके खात मोठ्या लॅबला गेली. पेशींत दडून बसलेला विषाणू वर मिसळला की आकडा फुगतो ना, काका! आमच्या लॅबच्या मॅडमना कळवलंय मी तसं. त्या ओरडल्या मला."

मी गारच पडलो! म्हणजे आकडा फुगला कशाने? तर तो फुगू नये म्हणून मी जातीने लक्ष घालत होतो, त्याने! जन्मभर त्रुटीची कारणं घोकून घेतली पोरांकडून, पण त्यांत 'पेशंटची बडबड' हे कारण एकदाही सांगितलं नाही हो मी! की कारण हेही नसेल? सांगता येत नाही... माझंच चुकत असेल...

नवा कागद आला. 'सापडला नाही'. बायकोने माझी उशी उचलली, आत नेली, थोपटून तिच्या उशीशेजारी ठेवली. तुम्हाला सांगतो, डोळे भरून आले माझे! दुपारी पडलो तिच्या शेजारी. पंखा फिरतोय, तिचा हात माझ्या हातात, आणि मी आपला सहज... अगदी सहज म्हटलं, "अगं, पण सापडला नाही म्हणजे किती? वीसच्या खालचं त्या यंत्राला नीट मोजता येत नाही म्हणे. म्हणजे एकोणीसही असतील..."

हात सोडून ती कुशीवर वळली. "अहो, या खोलीत पुन्हा आकडा ऐकू आला ना, तर उशी मीच बाहेर फेकीन. तुमच्यासकट!"

म्हणून तर तुम्हाला इतका वेळ धरून बसलोय हो... एकोणीस असतील का, तुम्हाला काय वाटतं?... हळू बोला, जागी असेल ती.