राणीच्या झग्यातला इंटरव्ह्यू

अगं, मंदीत आमच्या विवेकची नोकरी गेली, तेव्हा मी दुबईत कुसैसच्या घरी फॅन्सी ड्रेसच्या मेळाव्यासाठी जुन्या युरोपातल्या राणीचा झगा शिवत होते. गिऱ्हाईक बाई चांगली उंच, म्हणून मापाला नवऱ्यालाच उभं केलं. अंगभर टाचण्या लावल्या आणि नेमका इंटरव्ह्यूचा फोन आला! साहेब मराठीच होते. विवेक अर्धा तास ताठ उभा राहून बोलला.

शेवटी साहेब म्हणाले, "आत्ता ऑफिसला येता?"

"येतो सर, बायकोनं झगा काढला की निघतोच!"

पलीकडे साहेब खाकरले. विवेक घाबरून म्हणाला, "तसं नाही सर! झगा मी घातलाय!"

साहेब खो-खो हसत सुटले. म्हणाले, "मग तसेच या हो. इथे महिनाभर कुणी हसलेलं नाही."

रविवारी, म्हणजे तेव्हाच्या दुबईतल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, विवेक कामावर रुजू झाला.